'डिओडँड' समजावून देणाऱ्या ग्रंथपाल मॅडमना

आदरणीय मॅडम,

त्या संध्याकाळी तुमचे आभार धड मानताच आले नाहीत, म्हणून हे पत्र.

'डिओडँड' हा, माणसाचा जीव घेणारी वस्तू जप्त करण्याच्या जुन्या इंग्रजी कायद्यातला शब्द घेऊन मी बऱ्याच जणांकडे गेले होते. एका सरांनी "परीक्षेला येत नाही" म्हणून वाटेला लावलं, दुसऱ्यांनी "जुना दंड होता कसला तरी" म्हणत बोळवण केली. याचं अजून वाईट वाटतं. तुम्ही मात्र कपाटं बंद करायची वेळ झालेली असताना इंग्रज कायदेपंडित ब्लॅकस्टोनचा खंड काढलात आणि माझ्या मागणीच्या चिठ्ठीमागे पेन्सिलीने दोन गाड्या काढल्यात. उभ्या गाडीच्या चाकावर चढताना माणूस पडून मेला, तर नुसतं चाक रंगवलंत. चालत्या गाडीखाली मेला, तर चाक, गाडी, वरचा माल, सगळंच! जे जे हललं ते ते जप्त. त्या चित्राने जे उमगलं, ते कुठल्याच नोट्सनी उमगलं नसतं.

मूळ लॅटिन 'देओ दांदुम', देवाला द्यायचं. जीव घेणारी वस्तू किंवा तिची किंमत राजाकडे जमा व्हायची, दानधर्मासाठी म्हणून. जूरी बहुधा किरकोळ किंमत लावायची. मग रेल्वे आली. १८४१ मध्ये नाताळच्या आदल्या दिवशी इंग्लंडमधल्या रेडिंगजवळ सॉनिंगच्या खिंडीत गाडी दरडीवर आदळली, सणाला घरी निघालेले मजूर मेले आणि जूरीने इंजिन-डब्यांवर जबर रक्कम लावली. "पण त्यांच्या बायकामुलांचा यावर हक्क काय?" असं तुम्ही विचारलंत, तेव्हा मला गलबलून आलं. तो हक्क १८४६ च्या कायद्याने दिला, त्याच वर्षी डिओडँड रद्द झाला. आपला १८५५ चा प्राणांतिक अपघात कायदा त्याच धर्तीवरचा. तो मी वर्गात शिकले होते. त्यामागची माणसं तुम्ही दाखवलीत.

समोरच्याची शंका आपलीच मानून तिच्यासाठी बसणारी माणसं असतात, म्हणून शिकावंसं वाटतं. तुम्ही "हे कशाला हवंय?" असं एकदाही विचारलं नाहीत.

तुम्ही सांगितलेला १८०८ चा बेकर विरुद्ध बोल्टन हा खटला आता वाचते आहे. घोडागाडीच्या अपघातात बायको गेली, आणि तिच्या मृत्यूची भरपाई कोर्टाने नाकारली. तो निकाल टिपून ठेवणारे कॅम्पबेल हेच पुढे १८४६ चा कायदा आणणारे लॉर्ड कॅम्पबेल! याबद्दल खूप विचारायचं आहे. सोमवारी येते.

तुमची,
कायद्याची एक विद्यार्थिनी