तात्यांना विचारणाऱ्या मिस्त्री मामांना

मिस्त्री मामा,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "असू दे हो ताई" म्हणून पावसापाण्यावर घसरता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. तुमची लेक वाचून दाखवेल, तेव्हा मधेच उठून बागेत पळू नका.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या घराची झोप त्या प्रेशर पंपानं, म्हणजे पाइपातला दाब उतरला की आपोआप सुरू होणाऱ्या पंपानं, पार नासवली होती. घरात एक नळ उघडा नाही, स्प्रिंकलरचा टायमर बंद, आणि हा आपला मध्यरात्री घुर्र करून सुरू. जरा चालायचा, गप्प बसायचा, परत सुरू. लॉनच्या खालच्या कोपऱ्यात चिखल आणि वरच्या बाजूचं गवत पिवळं. माझे सासरे, तात्या, त्या आवाजानं दचकून उठायचे आणि डाव्या हातानं कॉटची पट्टी बडवायचे.

तुमच्या आधी येऊन गेलेल्यांबद्दल काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं. पण बोलतेच. एकानं चिखल होता तिथला स्प्रिंकलर बदलला, पैसे घेतले; चिखल जागच्या जागी. दुसऱ्यानं पंपापासून व्हॉल्व्हच्या चेंबरपर्यंत नाकासमोर टिकाव चालवला. पाइप लागला नाही तेव्हा मातीचे ढीग तसेच टाकून "उद्या येतो" म्हणाला. तो उद्या अजून उजाडायचाय. आणि एका कंपनीचा माणूस तर गवतावर पायही न ठेवता सगळी लाइन नवी टाकायचं कोटेशन देऊन मोकळा झाला. कोटेशनचं मला काही वाटलं नाही, त्याचा तो धंदा आहे. पण तात्या खिडकीजवळच्या कॉटवरून हात हलवून काहीतरी सांगत होते, आणि त्यांच्याकडे बघत हा मला विचारतो, "यांना कळतं का काही?"

मामा, तात्यांना सगळं कळतं. अर्धांगवायूनं उजवा हात गेला आणि बोलणं गेलं, समज नाही गेली. शब्द आत तयार असतात, ओठांवर येत नाहीत. उभी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये केलेला हा माणूस. रिटायर झाल्यावर लॉनची ही लाइन त्यांनी स्वतःच्या हातानं टाकली. पण आता त्यांच्या डोक्यावरून माझ्याशी बोलायची लोकांना सवयच लागलीय. हयातीचा दाखला द्यायला बँकेत नेलं, तर माणूस समोर जिवंत बसलेला असताना काउंटरवरून मला विचारणा, "ह्यांना सही येते का?"

तुम्ही आलात ते ऐन खरड छाटणीत. तासगावकडच्या द्राक्षबागांतली ड्रिपची कामं खोळंबलेली, फोन सारखा वाजत होता. आल्या आल्या तुम्ही बागेकडे जाणारा कॉक बंद केलात आणि पंपापाशी नुसते उभे राहिलात. पंप गप्प. मग चेंबरमधले व्हॉल्व्ह बंदच ठेवून तेवढा कॉक उघडलात, तर थोड्या वेळानं पंप बोलला. "ह्या दोन्हीच्या मधी फुटलंय. स्प्रिंकलरचा काय दोष न्हाई. पाणी फुटतं एकीकडं आन् उताराला लागून निघतं दुसरीकडं."

इथवर कुणी जाणता माणूस पोचला असता. पुढं तुम्ही टिकाव उचलला नाहीत. विचारलंत, "लाइन कुणी टाकल्याली?" मी तात्यांकडे बोट केलं. तुम्ही पाय धुतलेत, आत आलात आणि कॉटशेजारी खाली उकिडवे बसलात. "तात्या, लाइन सरळ आणलीया का कुठं वळवलीया?"

तात्यांच्या तोंडून नुसता आवाज निघाला. मी सवयीनं मधे बोलायला गेले, तर तुम्ही माझ्याकडे न बघता हातानं थांबवलंत. खिशातली पेन्सिल त्यांच्या डाव्या हातात दिलीत, कॅलेंडरचं जुनं पान मांडीवर धरलंत आणि बसून राहिलात. फोन वाजला, तुम्ही तो बंद केलात. तात्यांची रेघ थरथरत निघाली, मधेच अडली, आणि एका ठिकाणी काटकोनात वळली. वळणापाशी त्यांनी एक गोल काढला. तुम्ही खिडकीतून बाहेर बघितलंत. "सोनचाफा? झाडाला वळसा घातलाय होय!" तात्यांनी मान हलवली. आणि मग तुम्ही जे विचारलंत त्यासाठी हे पत्र आहे. "नव्वदचा एल्बो टाकलाय का पंचेचाळीसचे दोन?"

तात्यांनी एक बोट वर केलं.

आजारी पडल्यापासून त्यांना "जेवलात का", "दुखतंय का" याच्या पलीकडे कुणी काही विचारलं नव्हतं. एल्बो, म्हणजे पाइपच्या वळणाचा तुकडा, कुठला, हे एका कारागिरानं दुसऱ्याला विचारलं. त्यांचा चेहरा तुम्ही पाहिलात की नाही ठाऊक नाही, कारण तुम्ही लगेच खोरं घेऊन बाहेर गेलात.

बाकीचं काय सांगू! गवताचे चौकोन कापून ओल्या गोणपाटावर सावलीत ठेवलेत, सोनचाफ्यापाशी एल्बोचा सांधा सुटलेला निघाला. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, त्या ओढाताणीत असे सांधे ढिले होतात म्हणालात. मी दोनदा विचारलं तरी सांधा चिकटवायचं सोल्युशन पक्कं वाळेपर्यंत पाणी सोडू दिलं नाहीत. गवत परत बसवल्यावर कुठं खणलं होतं ते शोधावं लागत होतं.

तात्यांचा जीव का तुटत होता हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. दुष्काळात बागा टँकरच्या पाण्यावर जगवणारा तुमचा मुलूख. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या गाडीला 10 वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर पाणी, जवळपास 350 किलोमीटर लांब. ती बघायला तात्या मुद्दाम मिरज स्टेशनवर गेले होते. अशा माणसानं डोळ्यांसमोर पाणी मुरताना बघायचं आणि कुठं फुटलंय हे माहीत असून सांगता यायचं नाही!

पैशांचं भांडण अजून मिटलेलं नाही. एल्बो आणि सोल्युशनचे तेवढे घेऊन गेलात, मजुरीचं नाव काढू दिलं नाहीत. हे मला मान्य नाही आणि तात्यांना तर अजिबात नाही. छाटणी उरकली की या. तोवर त्यांनी कॅलेंडरच्या आणखी एका पानावर चिकूच्या बाजूनं नवी लाइन काढून ठेवलीय. तीत तीन एल्बो आहेत, एक गोल आहे, आणि मी काहीही विचारलं की ते मान हलवून नाही म्हणतात. ते तुमचं तुम्ही बघून घ्या.

आपली,
तात्यांची सून