आफ्रिकेचा अभ्यास आफ्रिकेच्या माणसांनी करायचा नाही का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवाच्या अंकातला आफ्रिकेच्या लोकसंख्येवरचा लेख वाचला आणि दिवसभर मन लागलं नाही, म्हणून लिहिते आहे. अमेरिकेची मदत आटली ते बरंच झालं, लोकसंख्या धोरण शिकायला तिथल्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देऊन आजवर काय साधलं, त्यापेक्षा तिथल्या सरकारांनी सरळ कडक कायदा करावा, असा त्या लेखाचा सूर आहे. लेखकांचे अर्थसंकल्पावरचे लेख मी आवडीने वाचते. या विषयावर मात्र त्यांनी पुरेशी माहिती न घेता लिहिलं आहे, असं मला स्पष्ट म्हणायचं आहे.

मुंबईतल्या एका संशोधन संस्थेच्या लेखा विभागात माझी सगळी नोकरी झाली. विद्यावेतनाची बिलं, प्रवासाची व्हाउचरं, परदेशी अनुदानाची उपयोगिता प्रमाणपत्रं माझ्या टेबलावरून जायची. शिष्यवृत्तीचा पैसा कुठून निघतो, कुठे अडतो आणि विद्यार्थ्याच्या हातात किती पडतो, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

नव्वदच्या दशकात आमच्याकडे टांझानियाची एक बाई शिकायला आली होती. तिथल्या डोडोमा शहराची. घरी दोन मुलं आईकडे ठेवून आली होती. तिच्या देशाचं लोकसंख्या धोरण १९९२मध्ये जाहीर झालं होतं. पुढच्याच वर्षी रेडिओ टांझानियाने कुटुंबनियोजनाचा प्रचार करणारी एक मालिका सुरू केली. देशभर ती ऐकू येई, पण डोडोमा केंद्रावरून दोन वर्षं ती लावलीच नाही. मालिकेचा परिणाम मोजायचा तर तुलनेला न ऐकणारी माणसंही हवीत, म्हणून डोडोमाला वगळलं होतं. हा प्रयोग पुढे जगभर गाजला. बाईचं म्हणणं साधं होतं. ज्या गावांना तुलनेसाठी बाजूला ठेवलं, तिथल्या बायकांशी कोणी बसून बोललंय का? मालिका नसतानाही त्या दवाखान्यात जातात की नाही, नसतील जात तर का, नवरा अडवतो की सासू, की औषधच संपलेलं असतं? हे तिला विचारायचं होतं. भाषा तिची, माणसं तिची, आणि प्रश्नही तिचाच.

तिने जाण्यायेण्याचं विमानभाडं आणि तीन महिन्यांचा क्षेत्रकामाचा खर्च मागितला. अर्ज माझ्याकडे आला, मी टिपणी लिहून वर पाठवला. ‘तरतूद नाही’ असा शेरा मारून तो परत आला. त्याच महिन्यात, त्याच अनुदानातून, एका परदेशी सल्लागाराचं चार दिवसांच्या भेटीचं बिल मंजूर झालं. विमानाचं वरच्या वर्गाचं तिकीट आणि पंचतारांकित हॉटेल. त्या एका बिलात बाईचा सगळा दौरा होऊन थोडे पैसे उरले असते. दोन्ही कागद माझ्या टेबलावर शेजारी शेजारी होते. इतकी वर्षं झाली तरी मला त्याचा राग येतो.

‘भारतातच आहात तर महाराष्ट्राची आकडेवारी घ्या,’ असंही तिला सुचवण्यात आलं. डोडोमाची बाई पुढे देशाच्या आरोग्य खात्यात जाणार, आणि प्रबंध लिहिणार ठाणे-रायगडवर! तिने ते ऐकलं नाही. टांझानियात १९९१-९२मध्ये लोकसंख्या व आरोग्याचं एक मोठं सर्वेक्षण झालं होतं. तिच्या मार्गदर्शकांनी पत्रव्यवहार करून त्याची आकडेवारी फ्लॉपीवर मिळवून दिली, आणि त्या आकडेवारीवर तिने प्रबंध पुरा केला. मधल्या काळात विद्यावेतन चार-चार महिने लांबायचं. ती खिडकीपाशी येऊन उभी राहायची आणि मला ‘उद्या या’ म्हणावं लागायचं. वसतिगृहाचं भाडं थकलं म्हणून तिला नोटीसही गेली होती. शिष्यवृत्तीवर मौज होते, असं ज्यांना वाटतं त्यांनी ती खिडकी पाहायला हवी होती.

तिला तारणारं ते सर्वेक्षण अमेरिकेच्या पैशावर चालणाऱ्या डीएचएस (डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हेज) या कार्यक्रमातलं. १९८४पासून नव्वदहून अधिक देशांत अशी सर्वेक्षणं झाली. आपलं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण त्याच धर्तीचं आहे आणि ते देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेमार्फत होतं. फेब्रुवारी २०२५मध्ये अमेरिकी सरकारने हा कार्यक्रम एका फटक्यात थांबवला. नंतर दुसऱ्या देणगीदाराने काही अर्धवट सर्वेक्षणांपुरता पैसा दिला, पण पुढचं काय? नोंदणी केली की ही आकडेवारी संशोधकाला विनामूल्य मिळत असे. ज्याला क्षेत्रकामाला कोणी पैसे देत नाही, त्याचा सगळा अभ्यास तिच्यावर उभा असतो. लेखक ज्याला बचत म्हणतात, तिची झळ नेमकी अशा विद्यार्थ्याला बसते.

शिष्यवृत्त्यांनी काय साधलं, याचं उत्तर नैरोबीत आहे. तिथलं आफ्रिकी लोकसंख्या व आरोग्य संशोधन केंद्र १९९५मध्ये सुरू झालं तेच मुळी पॉप्युलेशन कौन्सिल या न्यूयॉर्कच्या संशोधन संस्थेची एक शिष्यवृत्ती योजना म्हणून. २००१मध्ये ते स्वतंत्र झालं. कोरोगोचो आणि विवांदानी या झोपडपट्ट्यांत या केंद्राने वर्षानुवर्षं घरोघरी जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवल्या. त्यांच्याच पाहणीतून दिसलं की, नैरोबीच्या झोपडपट्टीत लहान मुलं केनियाच्या खेड्यांपेक्षाही जास्त दगावत होती. शहर म्हणजे सोयी, हा समज त्यामुळे मोडला. गोवंडीच्या शेजारी राहणाऱ्या मला हे लगेच पटतं.

आता कडक कायद्याविषयी. १९७६मध्ये आपल्याच विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायद्याच्या पुस्तकात आलं नाही. तरी १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. माझ्या मामांना शिक्षकाचा पगार रोखण्याची धमकी देऊन शिबिरात नेलं होतं. त्यानंतर कित्येक वर्षं आमच्या गावात आरोग्यसेविका आली की दारं बंद व्हायची. हाच उपाय दुसऱ्या खंडाला सुचवण्याआधी लेखकांनी आपल्या घरातल्या मोठ्या माणसांना विचारावं.

नायजेरियात २००६नंतर जनगणना झाली नाही, याचीही लेखात टर उडवली आहे. आपली शेवटची जनगणना २०११ची. २०२१ची पुढे ढकलत ढकलत २०२७वर गेली. यावर आपल्या दैनिकात एवढा मोठा लेख आल्याचं मला आठवत नाही. आधी तो छापा.

माझी विनंती एवढीच की, या विषयावरचा पुढचा लेख नैरोबी, आक्रा किंवा दार-ए-सलाममधल्या एखाद्या लोकसंख्या अभ्यासकाकडून मागवा आणि त्याला मानधन वेळेवर द्या. भाषांतराला माणूस नसेल तर ते मी करून देईन, पैसे नकोत.

आपली,
एक निवृत्त लेखापाल, चेंबूर

ता. क. : लेख संशोधन शिष्यवृत्त्यांवर आणि फोटो हाडं दिसणाऱ्या मुलाचा. खाली ना देशाचं नाव, ना साल. वर्गात किंवा ग्रंथालयात बसलेल्या आफ्रिकी विद्यार्थ्याचा एकही फोटो आपल्या संग्रहात नाही का? याचं उत्तर कृपया छापावं.