नायिकेवर खटला कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नागपुरात धरमपेठेपासून महालापर्यंत वाचनकट्टे वाढताहेत, भिशीतही कादंबरी वाचली जाते. पण छळ सोसणाऱ्या बाईची कादंबरी निघाली, की थोड्याच वेळात कुणीतरी म्हणतं, ‘मग ती निघून का नाही गेली?’ पुस्तक राहतं बाजूला आणि नायिकेवर खटला सुरू होतो. बसलेल्यांत तेच भोगणारी कुणी असेल, तर ती पुढं तोंडच उघडत नाही.

त्यापेक्षा पंधरा-वीस पानांचं एकच प्रकरण घ्यावं. नायिका जिथं ‘माझंच चुकलं’ म्हणते तिथं पेन्सिलीनं खूण करावी, आणि मागची पानं चाळून ते आधी कुणाच्या तोंडी होतं ते शोधावं. बरेचदा सासूच्या नाहीतर नवऱ्याच्या तोंडी सापडतं. दुसरी खूण मारझोडीनंतरच्या लाडांना. साडी आली, गजरा आला, रडून माफीही झाली. पण हाती पैसा, माहेरी जाण्याची मोकळीक, घरात शब्दाला किंमत, यातलं काही वाढलं का? नसेल, तर त्याला प्रेम म्हणायची घाई परीक्षणं लिहिणाऱ्यांनीही करू नये.

ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही जुनी कादंबरी यासाठी आजही उत्तम. (जुनी भाषा जड जाते खरी; मोठ्यानं वाचली की सुटते.) नायिका यमुनेचा नवरा रघुनाथराव तिला शिकवतो, माणूस म्हणून वागवतो, आणि तिला स्वतःची किंमत कळू लागते. तिची मैत्रीण दुर्गी नवऱ्यापायी हाल सोसते. तरी रघुनाथराव वारल्यावर यमुनेचं बळजबरीनं केशवपन होतंच. माया भरपूर मिळाली, पण त्या घरात तिच्या नावावर हक्क कसलाच नव्हता.

म्हणून ‘का नाही गेली’ऐवजी ‘गेली तर कुठं, कुणाच्या पैशावर’ हे विचारावं. कादंबरी आजच्या काळातली असेल, तर त्याला कायद्यात काही उत्तर आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मूलबाळ नसल्याचे टोमणे आणि पैसा अडवणं हीदेखील हिंसाच. कलम १७ प्रमाणे घर नावावर नसलं तरी तिथं राहण्याचा हक्क आहे. अर्ज दंडाधिकाऱ्यांकडे जातो, पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत पडायला हवी.

उठण्यापूर्वी १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक सगळ्यांनाच सांगावा, कुणा एकीकडे बघून नव्हे.

– एका वाचनकट्ट्याच्या सदस्य, नागपूर