सर्पदंशाची पहिली मात्रा प्राथमिक आरोग्य केंद्रातच द्या

महोदय,

लावणी-बेणणीचे दिवस आले की ग्रामीण दवाखान्यांत सर्पदंशाचे रुग्ण वाढतात. या एका बाबतीत सरकारी आरोग्यसेवा खरोखर सुधारली आहे, हे मोकळेपणाने सांगायला हवे. सर्पदंशावरची लस प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत आली आहे. २०१४ पासून १०८ची रुग्णवाहिका आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडाही मार्च २०२४ मध्ये जाहीर झाला.

एवढे होऊनही काही ठिकाणी रुग्ण दारात आला की लस न देताच त्याला पुढे पाठवले जाते. हे थांबले पाहिजे. लस रक्तात फिरणारे विष निष्प्रभ करते. आधीच झालेली इजा ती भरून काढत नाही. त्यामुळे तालुक्याच्या वाटेवर गेलेला तास परत मिळत नाही.

पुढे पाठवण्यामागे बहुधा रिअॅक्शनची भीती असते. ती खोटी नाही, पण तिच्यावर इलाज आहे. लस सुरू करण्यापूर्वी अॅड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवायचे. अंगावर गांधी उठल्या, घशात घरघर लागली किंवा रक्तदाब उतरला तर लस थांबवून मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत द्यायचे आणि रुग्ण सावरला की लस पुन्हा सुरू करायची. कातडीवर आधी टेस्ट डोस देण्याची जुनी पद्धत निरुपयोगी आहे. तिने रिअॅक्शनचा अंदाज येत नाही, वेळ मात्र जातो.

दुसरी अडचण साठ्याची. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकच लस चालते. विषबाधेची लक्षणे असलेल्या रुग्णाला पहिल्या तासात साधारण दहा कुप्या लागतात. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप मूल पाहून विष कमी सोडत नाही. म्हणजे ज्या केंद्रात चारच कुप्या आहेत, तिथे नोंदवहीत ‘लस उपलब्ध’ असले तरी एका रुग्णाचाही उपचार पुरा होत नाही. पावसाळ्यात प्रत्येक केंद्रात किमान वीस कुप्या हव्यात आणि त्यांची मागणी मे महिन्यातच जायला हवी.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित वस्तू म्हणजे काचेची साधी परीक्षानळी. घोणस आणि फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासे होते. ते ओळखायला दोन-तीन मिलिलीटर रक्त नळीत घ्यायचे, वीस मिनिटे अजिबात हलवायचे नाही आणि मग एकदाच तिरपी करून पाहायची. रक्त वाहिले तर लस द्यायची. नळी मात्र नवी, कोरडी आणि काचेचीच हवी. प्लास्टिकच्या किंवा साबणाच्या पाण्याने धुतलेल्या नळीत चांगले रक्तही गोठत नाही आणि विष भिनलेले नसताना लस दिली जाते. हीच तपासणी दर सहा तासांनी करायची, कारण गोठवणारे घटक यकृतात पुन्हा तयार व्हायला तेवढा वेळ लागतो.

मण्यारीचे तसे नाही. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. सूज नाही, वेदना नाही, खूण दिसेलच असे नाही. रक्तही व्यवस्थित गोठते. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. अशा रुग्णाला पित्ताची गोळी देऊन घरी पाठवणे जिवावर बेतते. पापण्या मिटू लागल्या की लगेच लस द्यावी आणि अॅम्बू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) हाताशी ठेवावी, कारण पुढची पायरी श्वास बंद पडण्याची असते.

घरच्यांनी करायचे ते थोडेच आहे. चावलेला हात-पाय फळी लावून स्थिर ठेवावा, अंगठी, जोडवी, पैंजण काढावेत, रुग्णाला चालवू नये. करकचून दोरी बांधू नये, चिरा देऊ नये, साप मारून आणण्यात वेळ घालवू नये. भगताकडे तर मुळीच थांबू नये.

जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना विनंती की पावसाळ्याआधी प्रत्येक केंद्रात कुप्या, अॅड्रेनॅलिन, काचेच्या नळ्या आणि अॅम्बू बॅग प्रत्यक्ष मोजून घ्याव्यात. पहिली मात्रा दिल्यावर रुग्ण पुढे पाठवावा लागला, तर चिठ्ठीवर चार गोष्टी लिहिणे सक्तीचे करावे: दंशाची वेळ, रक्त गोठले की नाही, किती कुप्या दिल्या आणि कधी दिल्या. या चार ओळी नसल्या की पुढच्या दवाखान्यात सगळे पहिल्यापासून सुरू होते.

— एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी, जि. रत्नागिरी