चार नंबरचा टॅपेट

अमळनेर
आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) दुसरा दिवस

प्रिय भावड्या,

कसा शे भो? फोनवर बोलणं होतं, पण तू नुसता ‘हं, हं’ करतोस आणि तिकडे डोळे दुसरीकडेच असतात, हे मला इथे बसून कळतं. म्हणून पत्र. कागदाला डिझेलचा वास आला तर समजून घे, दोनदा साबण लावूनही हाताचा जात नाहीये.

आबांची ४०७, ती टाटाची मालगाडी, मी उघडली. एकट्याने. हसू नकोस.

महिनाभर तिचं रडगाणं चालू होतं. सकाळी पांढरा धूर, मिसिंग म्हणजे एक सिलिंडर पेटतच नव्हतं, टपावर पत्रे वाजल्यासारखी टकटक, आणि सेल्फ मारला की असा किर्र आवाज की ओट्यावरची म्हातारी माणसं मान वर करायची. मिस्तरी आखाजीला सासरवाडीला गेले, ते पत्त्यांच्या डावातून उठतील तेव्हा खरे. इकडे आठ दिवसांवर सखाराम महाराजांची यात्रा. बोरी नदीच्या पात्रात दुकानं लागायची वेळ झाली, सामान आणायची दोन भाडी मी घेऊन बसलोय. मग काय, पहाटे पाचला निंबाखाली गाडी लावली, चाकांना दगड लावले, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली आणि बसलो.

पाचलाच का, तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या दांड्यातली फट, थंड इंजिनावर बघायचे असतात. आपल्याकडे वैशाखात अकरा वाजता बंद गाडीचं बोनेटसुद्धा भाकरी भाजेल इतकं तापतं. थंड इंजिन म्हणजे काय ते खान्देशात पहाटेच कळतं.

तुला आठवतं ना, मिस्तरींकडे आपण उन्हाळ्यात पाने पुसायला जायचो तेव्हा कुठे हात जात नसला की ते तुला हाक मारायचे. तुझं मनगट काडीसारखं होतं. दीड रुपयाची कुल्फी तुला मिळायची, मी नुसता बॅटरी धरून उभा. त्या कुल्फीचा राग मला या दोन दिवसांत पुन्हा आला. कारण ४०७ चं इंजिन अर्धं पुढच्या बोनेटखाली आणि अर्धं केबिनमध्ये, दोन सीटांच्या मधल्या कुबडाखाली. एक आणि दोन नंबरचं सिलिंडर समोरून हाताशी येतं, तीनला वाकावं लागतं, आणि चार नंबर पार आत. माझा हात मनगटापर्यंत जातो आणि अडकतो. पहिला दीड तास मी तसाच, कुबड न काढता, पुढूनच काम उरकायच्या हट्टाला पेटलो होतो. कोपर सोललं, पाना दोनदा निसटला. शेवटी आबा काठी टेकत आले, बघितलं आणि म्हणाले, “कसाले घाई करस? जठे हात जास नही तठे पहिले जागा कर.”

मग मॅटिंग काढली, सीट काढली, गिअरचं रबर सोडवलं, कुबडाचे क्लॅम्प उघडले. वीस मिनिटं लागली. आणि चार नंबर असा समोर, ताटात वाढल्यासारखा. वीस मिनिटं वाचवायला गेलो आणि दीड तास घालवला! एअर फिल्टरचा पाईपही काढून ठेवला, आणि त्याच्या तोंडात फडकं कोंबलं, म्हणजे आत काही पडायला नको. हे फडक्याचं मिस्तरींनी आपल्याला चापटी मारून शिकवलेलं आहे.

मिसिंग कुठल्या सिलिंडरचं आहे ते आदल्या दिवशीच शोधलं होतं. इंजिन चालू ठेवून नोझलच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या, पाईपचा नट एकेक करून जरासा ढिला करायचा. चांगलं सिलिंडर असेल तर आवाज लगेच पडतो, मेलेलं असेल तर इंजिनाला फरकच पडत नाही. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीलाच हे चालतं, आणि ढिल्या नटावर बोट ठेवायचं नाही, पंपाच्या प्रेशरचं डिझेल कातडीत घुसतं. एक, दोन, तीन, तिघांनी आवाज पाडला. चार ढिला केला, काहीच नाही.

मी नोझलवर संशय घेतला. काढला, धुळ्याला पंपवाल्याकडे तपासून आणला, चांगला निघाला. नवा तांब्याचा वॉशर टाकून परत बसवला. एसटीचं भाडं आणि अर्धा दिवस गेला.

चोर टॅपेट होता. आणि गंमत बघ, टकटक करत होता दोन नंबरचा, तो नुसता ढिला झाला होता. चार नंबरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा मात्र इतका टाइट की फट मोजायच्या फिलर गेजचं सगळ्यात पातळ पातंही शिरेना. टाइट टॅपेट आवाज करत नाही. व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, कॉम्प्रेशन निसटतं, धूर होतो, आणि तसंच पळवत राहिलं तर व्हॉल्व्ह जळतो. मागच्या वर्षी ज्या गॅरेजात चारही सिलिंडरचे टॅपेट सेट केल्याचे पैसे घेतले, तिथे पहिले तीनच झाले असणार. चौथ्यासाठी कुबड कोण काढतो?

सेट करायची रीत तुझ्या लक्षात असेल. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२. चारचे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम हलतात, एक मिटत असतो आणि दुसरा उघडत असतो, तेव्हा एक सेट करायचा. दोनचे हलले की तीन, एकचे हलले की चार, तीनचे हलले की दोन. इंजिन हाताने फिरवायला पुढे पंख्यामुळे पाना फिरेना, म्हणून गाडी टॉप गिअरला टाकून दगड काढले आणि शेजारच्या पोराला मागून रेटायला लावलं. वीतभर रेटली की पुढच्या सिलिंडरची पाळी येते. जागा आली की लगेच दगड. मापाचं मात्र मी तुला सांगणार नाही, तुझ्या गाडीला तुझ्या पुस्तकातलं बघ. ऐकीव मापावर लोकांनी इंजिनं खाल्ली आहेत.

हे ४९७ इंजिन आहे ना, त्या नावाचा अर्थ मला परवा उमगला. चार सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास. १०० चा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, धरून हिशोब केला तर २९५६ सीसी, पुस्तकात तेवढीच लिहिलेली. इतकी वर्षं मी ते नुसतं नंबर समजत होतो.

आता सेल्फचं ऐक, हे खरं सांगायचं होतं. सेल्फचा वरचा बोल्ट दिसतच नाही, चाचपडावा लागतो. बायकोच्या पावडरच्या डबीचा आरसा तारेला बांधला आणि खालून आत घातला. दिसलं काय? बोल्टच नाही! भोक मातीने बंद. खरवडलं तर कुंभारीण माशीचं घर. म्हणजे माशीनं तिथे संसार थाटून अंडी घालून पिल्लं उडून गेली, इतके दिवस तो बोल्ट नव्हता. कोणीतरी कधीतरी सेल्फ काढला आणि बसवताना वरचा बोल्ट लावायचा कंटाळा केला. सेल्फ तिरका ओढला जायचा, म्हणून ती किर्र.

खालचा बोल्ट नमुन्याला घेऊन बाजारात गेलो, कारण जाडी जुळून आटे जुळले नाहीत तर बोल्टचं आट्यांचं घरच खराब व्हायचं. लावताना गोटी पान्यात वर्तमानपत्राचा तुकडा आणि ग्रीस घालून बोल्ट चिकटवला, दोन एक्स्टेन्शन जोडले, मध्ये वळणारा युनिव्हर्सल सांधा. पहिले तीन आटे पाना न लावता बोटांनीच, तेही पाठीवर पडून, डोळे मिटून. डोळे उघडे ठेवले की आरशात बघायचा मोह होतो आणि आरशात फिरकी उलटी दिसते. मी एकदा पाच मिनिटं बोल्ट ढिलाच करत होतो. एका पान्याला मात्र लोहाराकडून भट्टीत वाकवून घेतलं. भंगारातला घेतला होता, चांगला पाना वाकवायला मन होईना.

डिझेल फिल्टर बदलला, हवा काढली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सेल्फ मारला. एका दमात. आबा ओट्यावर सांजोरी खात होते, काही बोलले नाहीत, पण दुसरी सांजोरी माझ्यासाठी बाजूला काढली.

एक काम कर. येताना पुण्याहून लांब दांड्याचा, वाकणारा मॅग्नेट आण, इथे मिळाला नाही. टॅपेट कव्हरचा एक नट निसटला माझ्याकडून. टुण, टुण असा दोनदा वाजला आणि गप्प झाला. बाहेरच्या बाजूला पडला एवढं नक्की, तेव्हा दुसरा लावून गाडी चालू केली, पण चॅसिसच्या कुठल्यातरी खोबणीत तो बसलाय. तुझं मनगट आता किती जाड झालंय ते माहीत नाही.

वहिनींना नमस्कार, पोरीला पापा. आई विचारते, यात्रेच्या रथाला तरी येणार का?

तुझाच,
बॅटरी धरणारा