वाचलेल्या धान्याचा हिशेब अर्धवट

रेशन दुकानांतील अंगठ्याच्या यंत्रांचे यश सांगताना बोगस लाभार्थी किती गळाले, धान्य किती वाचले, हेच पुढे केले जाते. पण काय मोजायचे हे ठरवतानाच कोणाचे नुकसान महत्त्वाचे, याचा निवाडा होऊन जातो. खोट्याला धान्य मिळणे ही चूक, मग खऱ्याला न मिळणे ही चूक का नाही? त्याने न नेलेले धान्य तर कागदावर शिल्लकच दिसते!

आमच्या भागात भांडी घासून बोटांच्या रेषा पुसट झालेल्या बायांना दुकानदार बोट पुसायला लावतो, दुसरे बोट टेकवून बघतो, शेवटी 'रेंज नाही, उद्या या' म्हणतो. बुडालेला रोज कुठल्या अहवालात येतो? २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांना माणशी दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला आहे. ठसा जुळला नाही तर दुसऱ्या मार्गाने ओळख पटवावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच म्हटले आहे. पुरवठा विभागाने रिकाम्या पिशवीने परतलेल्यांचा आकडाही दरमहा दुकानाच्या फलकावर लावावा आणि निकष ठरवताना कार्डधारकांना ग्रामसभेत विचारावे.

– एक वाचक, सोलापूर