रविवारच्या पत्रात माझ्या लेकीची जागा

प्रिय ताई आणि दाजी,

तुम्हाला हाक काय मारायची, इथंच माझं दोन दिवस अडलं. इंग्लंडात तुमच्या शेजारी राहिलेली माझी लेक तुम्हाला नावानं हाक मारते, तुमच्याकडे तशीच रीत आहे म्हणे, पण माझ्या तोंडून ते येणार नाही. तुम्ही माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, म्हणून ताई. आणि आमच्या सातारा भागात बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात, म्हणून ते दाजी.

इंग्रजी मला येतं. एकतीस वर्षं शाळेत शिकवलं. पण हे पत्र इंग्रजीत लिहायला बसले की शब्द कोरडे पडतात. तीन वेळा कागद फाडला. शेवटी लेक म्हणाली, "आई, तू मराठीतच लिही. मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून वाचून दाखवते." म्हणून मराठीत लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. तुमच्यासारखी माणसं आहेत हे इथल्यांनाही कळायला हवं.

जानेवारीतली ती सकाळ तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. लेक श्रूजबरी शहरातल्या इस्पितळात सकाळच्या पाळीला निघालेली, अंधार, उतारावर पाणी गोठून नुसती काच झालेली. दाजी रस्त्यावर मीठ टाकायला बाहेर आले होते म्हणून ती लवकर सापडली. पाय दोन ठिकाणी मोडला, ऑपरेशन झालं, पायावर काडीचाही भार द्यायचा नाही असं सांगितलं. आणि मी इथं वाईत. यांना आदल्या दिवाळीत अर्धांगवायूचा झटका आलेला, डावी बाजू गेलेली, बोलणंही नीट उमटत नव्हतं. तरी नणंदेला आणून बसवते आणि पंधरा दिवस जाऊन येते, असं मी ठरवलं. व्हिसाचं काम करणाऱ्या एका माणसाला पैसे दिले. त्यानं तीनदा कागद मागवले, तीनदा "उद्या होतंय" म्हणाला, आणि चौथ्या वेळी फोन उचलायचा बंद झाला. पैसे गेले त्याचं दुःख नाही. पण एका आईला महिनाभर रोज "उद्या" म्हणायचं, हे त्याला जमलं कसं, हे मला अजून कळलेलं नाही.

आणि आपली माणसं? फोन आले, खूप आले. "काही लागलं तर सांगा." नातेवाईक म्हणाले, लेकीच्या तिकडच्या ओळखीतले म्हणाले, आमच्या गल्लीतले म्हणाले. सांगितलं तेव्हा कुणाच्या घरी लग्न होतं, कुणाची परीक्षा होती. एका जवळच्या माणसानं तर "एवढ्या लांब एकटीला पाठवलंत कशाला" असं मला यांच्या खाटेजवळ उभं राहून ऐकवलं. यांना ऐकू येतं. सगळं ऐकू येतं.

लेक रोज फोन करायची आणि रोज एकच सांगायची, "मी मस्त आहे गं." आईला तो "मस्त" कळतो. फोन ठेवला की माझी रात्र सुरू व्हायची. भिंतीला धरून चालत असेल का? अंघोळ कशी करत असेल? जेवते का? कुणाला विचारू?

मग एका रविवारी रात्री साडेअकरा वाजता तुमचं पत्र आलं.

ते मला लिहिलेलं नव्हतं. तुम्ही तुमच्या मुलांना दर रविवारी लिहिता ते कुटुंबाचं पत्र होतं. थोरली मुलगी १९९८ साली शिकायला बाहेर पडली तेव्हापासूनचा तुमचा नेम, तेव्हा पोस्टानं, आता ईमेलनं. वर दोन ओळी होत्या: तुमच्या मुलीला विचारूनच तिची खबर यात लिहिली आहे, तुम्हालाही वाचायला आवडेल असं वाटलं. एवढंच. खाली नेहमीचं पत्र. आधी हवा, मग मळा, मग तुमच्या चर्चच्या घंटा, मग मुलं.

गोठलेल्या जमिनीतून दाजींनी लीक, म्हणजे जाड कांद्याच्या पातीसारखी भाजी, कशी उपटली, कुदळीचा दांडा कसा तुटला. ताईंचा गावच्या दुकानातला मंगळवार, लाँग मिंडच्या डोंगरावर गुरुवारी चालायला गेलेली मंडळी, वर धुकं इतकं की पुढच्याचं जाकीट दिसेना. दुकानात आलेली सेव्हिलची कडू संत्री, कारण ती याच दिवसांत मिळतात आणि मार्मलेड, म्हणजे सालींसकट मुरंबा, करायचा तर आत्ताच. मी यांच्या खाटेशेजारी बसून मोबाईलच्या उजेडात वाचत होते आणि मनात म्हणत होते, माझ्या पोरीचं काय ते खाली असेल, अगदी शेवटी, ताजा कलम म्हणून.

मग मुलं आली. पहिली ब्रिस्टलची थोरली, पंचेचाळीस वर्षांची, तिच्या धाकट्याचा दात पडला. मग ऑस्ट्रेलियात पर्थला असलेला मुलगा, त्याचं नवं घर. आणि तिसरं नाव माझ्या लेकीचं. तिच्यानंतर एडिनबराचा तुमचा धाकटा.

मी पुन्हा वर गेले, पुन्हा वाचलं. तुम्ही मुलांना वयाच्या क्रमानं लिहिता. माझी लेक छत्तीस वर्षांची. तुमचा पर्थचा मुलगा तिच्याहून मोठा, एडिनबराचा तिच्याहून लहान. तुम्ही तिला तिच्या वयाच्या जागी बसवलं होतं. पाहुणी म्हणून शेवटी नाही, आजारी म्हणून सगळ्यांत आधी नाही. पंक्तीत जिथं तिचं पान मांडायला हवं तिथंच मांडलं होतं.

ताई, तुम्ही तिला दोन महिने घरात ठेवलंत, खालच्या खोलीत पलंग लावलात, दाजींनी मोरीत लाकडी दांडी ठोकली, तपासणीला गाडीतून नेलंत आणलंत. त्या सगळ्याचे आभार मी जन्मभर मानीन. पण तुम्ही मला विचाराल की सगळ्यांत मोठं काय केलंत, तर मी ती ओळ सांगेन. तुम्हाला कदाचित आठवतही नसेल. मला ती पाठ आहे.

आणि त्या ओळीखाली काय लिहिलं होतं? "मंगळवारी ती जिन्यापाशी बसून रडली. बुधवारी रडली नाही. गुरुवारी स्टुलावर पाय ठेवून सहा संत्र्यांच्या साली चिरल्या, जरा जाड चिरल्या." लेक रडली हे वाचून मला त्या रात्री झोप लागली. महिनाभरात पहिल्यांदा. कुणीतरी मला खरं सांगत होतं. बुधवारी रडली नाही, हे मी त्यामुळेच खरं मानू शकले.

तेव्हापासून रविवार हा आमच्या घरातला पत्राचा दिवस झाला. मार्चच्या शेवटच्या रविवारी तुम्ही घड्याळं पुढं केलीत तेव्हा पत्र आमच्याकडे साडेदहालाच यायला लागलं, आणि मी यांना म्हटलं, बघा, ताईंनी आपल्यासाठी तासभर आधी पाठवलं. मी एकेक वाक्य वाचायची, मराठीत सांगायची. हे डोळे मिटून ऐकायचे. यांची सगळी नोकरी एस.टी.त, कंट्रोलरच्या खिडकीत वेळापत्रक सांभाळण्यात गेली, त्यामुळे तुमच्या चर्चमधल्या सहा घंटांचा हिशेब यांना फार आवडला. एकही क्रम पुन्हा येऊ न देता सहा घंटा किती तऱ्हांनी वाजवता येतात, तर सातशेवीस, आणि ते सगळं पाठ ठेवून वाजवायला साधारण अर्धा तास लागतो, असं दाजींनी लिहिलं होतं. मी वाचलं आणि यांचा उजवा हात पांघरुणावर हलायला लागला. सहा पाचा तीस, तीस चोक वीसासे. बोटांवर मोजत होते.

पुढच्या पत्रात लेकीची खबर घंटांमध्येच आली. तुमचा मनोरा असा की दोर खालीच, जमिनीवर उभं राहून ओढायचे, म्हणून ती कुबड्या घेऊन सरावाला येऊन बसते. दोराला जिथं हात धरतात तिथं लोकरीची लाल-पांढरी-निळी जाड वेणी असते, तिला सॅली म्हणतात, आणि ती तिनं नुसती हातात धरून पाहिली. घंटा वर चाकावर बसवलेली असते, पूर्ण गरगर फिरते, म्हणून नवशिक्याला एकटं कधी सोडत नाहीत, शेजारी कुणीतरी उभं असतंच. आणि सुरुवात करताना पहिली घंटा वाजवणारा हाळी देतो: ती निघाली, ती गेली. तुमच्याकडेही घंटा "ती"च. हे ऐकून आमचे हे हसले. झटक्यानंतर मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

त्या रात्री यांनी मोठ्या कष्टानं एक शब्द उच्चारला. दोनदा, तीनदा. मला लागत नव्हता. मग लागला: मेणवली.

आमच्या वाईपासून जवळ, कृष्णाकाठी मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे, त्याच्या घाटावरच्या देवळात एक मोठी घंटा टांगलेली आहे. ती मूळची चर्चची. चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगिजांकडून वसई घेतली, तिथून ती आली. तिच्यावर १७०७ हा आकडा आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. लहानपणी आम्ही सहलीला जायचो तेव्हा मुली त्या माउलीला नमस्कार करून पुढं जायच्या. दुसऱ्या दिवशी शेजारचा मुलगा सायकलवर जाऊन फोटो काढून आला, मी तुम्हाला पाठवला. आणि पुढच्या रविवारी "घंटा" या मथळ्याखाली दाजींनी ब्रिस्टलला, पर्थला आणि एडिनबराला आमची मेणवली सांगितली. वर विचारलं, तिचा आवाज मिळेल का? तो मुलगा पुन्हा गेला, आवाज घेऊन आला. लेक सांगते की तुम्ही तो मनोऱ्यात सगळ्यांना ऐकवलात आणि दाजी बराच वेळ काही बोलले नाहीत.

तुम्ही दोघं पंच्याहत्तरीच्या आसपास. बागकाम, मनोरा, दुकान, डोंगर, नातवंडं, आणि एवढं असताना एका परक्या मुलीला कमोडवरून उठायला हात द्यायचा. मी कधी विचारलं की तुम्हाला त्रास होत असेल, तर ताईंचं उत्तर एकच, "ती संत्री जाड चिरते, तेवढाच त्रास." चांगुलपणा म्हणून आपल्याकडे फार बोललं जातं. मीही मुलांना सुविचार लिहायला लावले, रोज एक, फळ्यावर. आता वाटतं, त्याऐवजी तुमचं एखादं पत्र वाचून दाखवायला हवं होतं. माणसाला कुणीतरी आपल्या यादीत धरणं, त्याचा मंगळवार आणि बुधवार वेगळा लक्षात ठेवणं, ही गोष्ट किती मोठी आहे ते त्या मुलांना कळलं असतं.

ऑगस्टमध्ये लेक कुबड्यांशिवाय तुमच्याबरोबर लाँग मिंडवर गेली. त्याच्या माथ्याची उंची ५१६ मीटर, आणि आमचा पांडवगड त्याच्या दुपटीहून उंच, हे मी तिला लगेच सांगितलं, पण खरं म्हणजे त्या दिवशी तो डोंगर मला हिमालयाएवढा होता. तुम्ही पाठवलेल्या फोटोत तिची दहाही बोटं जांभळी. तुमच्याकडे त्या रानफळाला विंबेरी म्हणतात. आमच्याकडे जांभळं खाऊन आलेल्या पोरी अशाच दिसतात. ओठही तसेच.

सप्टेंबरात ती इस्पितळाच्या जवळ, श्रूजबरीत राहायला गेली. मी मनाची तयारी केली होती. आता ती तुमची शेजारीण नाही, पत्र थांबेल, थांबलं तर ते योग्यच आहे. रविवारी साडेदहाला मी मोबाईल उशीखाली ठेवून पडले. तो वाजला.

हवा. मळा: घेवडा संपत आला, डॅम्सनचा, म्हणजे आलुबुखाऱ्यासारख्या लहान फळांचा, जॅम झाला. घंटा. मग ब्रिस्टल. मग पर्थ. मग माझी लेक: नव्या घराच्या जिन्याला तेरा पायऱ्या आहेत, ती सगळ्या चढली. मग एडिनबरा. आणि त्याच्याखाली, पहिल्यांदाच, नवा मथळा: वाई. त्याखाली नुसता प्रश्न. ते आता किती पावलं चालतात?

सांगते, ताई. तुमच्याच क्रमानं सांगते.

हवा: पाऊस उघडला, कृष्णेचं पाणी ढोल्या गणपतीच्या पायऱ्यांवरून खाली गेलं. मळा: परसात दोडका अजून येतोय, कारली यंदा किडली. घंटा: शेजारचा मुलगा मेणवलीला आता सांगितल्याशिवायच जातो. मुलं: एकच, ती तुमच्या पत्रात आहे. आणि हे: काठी घेऊन खाटेपासून उंबऱ्यापर्यंत अकरा पावलं. बुधवारी रडले. गुरुवारी रडले नाहीत.

तुमची वाईची धाकटी बहीण